फर्स्ट इयर वहिनी

खिडकीमागच्या कारकुनाने तिन्ही गुणपत्रिका टेबलावर शेजारीशेजारी मांडल्या, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला आणि तो हसला. गालातल्या गालात नाही, चांगला खदाखदा. वर पलीकडच्या टेबलावरच्या बाईलाही हाक मारून बोलावून घेतलं.

"मॅडम, हे काय आणलंत? कॅल्क्युलस भाग एक. हे बघा, कॅल्क्युलस भाग एक. आणि ही पण, कॅल्क्युलस भाग एक! तीन विद्यापीठं पालथी घातलीत आणि तिन्हीकडे एकच पेपर दिलात?"

"हौसेने नाही दिला," वहिनी म्हणाली.

"पण क्रेडिट एकदाच मिळणार हां. तीनदा पास झालात म्हणून तिप्पट मिळत नाहीत. कॉम्प्युटर डुप्लिकेट घेतच नाही."

"मला तिप्पट नकोयत. एकदाच धरा, आणि दुसऱ्या वर्षात बसवा. एवढंच म्हणतेय मी."

"तेच तर होत नाही ना. ही पहिली बघा, वार्षिक परीक्षेची, ती पद्धत आमच्याकडे बंद झाली. ही दुसरी, यात तासांची बेरीज कमी भरते. तिसरीचा अभ्यासक्रम आमच्याशी पुरेसा जुळत नाही. तुम्ही असं करा, सरळ पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन टाका. तुम्हाला काय, सगळं पाठच असेल!"

पलीकडची बाई तोंडावर पदर धरून हसली. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला सांगायचं, की हो, पाठच आहे. एप्सिलॉन दिला की डेल्टा शोधून दाखवा, हे तीन गावांतल्या तीन मास्तरांनी तीन फळ्यांवर लिहून दाखवलं होतं आणि प्रत्येकाने तिच्याकडे बघून विचारलं होतं, "समजतंय ना, ताई?" समजतंय हो! पहिल्यांदाच समजलं होतं. पुढचं शिकवा की कुणीतरी.

तिचा नवरा पूल बांधायचा. म्हणजे पूल बांधणाऱ्या कंपनीत मोठा साहेब होता. एका नदीवर पूल उभा राहिला की कंपनी दुसऱ्या नदीवर, आणि साहेबांच्या मागोमाग ट्रक भरून संसार. लग्नाआधी गणिताचं पहिलं वर्ष ती पहिल्या वर्गात पास झालेली होती. लग्न झालं, गाव सुटलं, नव्या गावातलं विद्यापीठ म्हणालं, तुमचं आमच्याकडे चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून. बरं, म्हणाली. केलं. दुसऱ्या वर्षाच्या ऐन मध्यावर बदली. तिसऱ्या गावात तीच रड. तिथेही पुन्हा श्रीगणेशा, तिथेही दुसरं वर्ष अर्धं झालं आणि ट्रक दाराशी. मध्ये लेक झाली, सासूबाईंचं आजारपण निघालं, ती वर्षं वेगळीच. साहेबांच्या ऑफिसातले लोक तिला वहिनी म्हणायचे. पाठ वळली की फर्स्ट इयर वहिनी. एकदा पार्टीत हे तिच्या कानावर पडलं, आणि त्याहून वाईट म्हणजे साहेबही त्या घोळक्यात उभे राहून हसत होते.

"अगं, प्रेमाने म्हणतात," साहेब घरी आल्यावर म्हणाले होते.

प्रेमाने! असलं प्रेम चुलीत घाला.

तर अशी ही चौथ्या गावातली, चौथी खिडकी. वहिनीने गुणपत्रिका गोळा केल्या. कारकून म्हणाला, "पहिल्या वर्षाचा फॉर्म शेजारच्या खिडकीवर मिळेल." वहिनी म्हणाली, "तो तुम्हीच भरा आणि बसा वर्गात. हसायला भरपूर वेळ दिसतोय तुम्हाला." आणि जिना चढून थेट गणित विभागात गेली.

विभागप्रमुख बाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, आवाज खरखरीत, साडीच्या निऱ्यांवर खडूची पूड. वहिनीने दारातूनच सुरुवात केली आणि थांबलीच नाही. तीन गावं, तीन पहिली वर्षं, दोन अर्धवट दुसरी वर्षं, खालचा तो दात काढणारा माणूस, सगळं एका दमात सांगून टाकलं. बाईंनी ना पाणी विचारलं ना बसायला सांगितलं. गुणपत्रिका पुढे केल्या तर त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"ते कागद खालच्या लोकांसाठी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बाहेरून येणाऱ्याला मी खडू देते. दुसऱ्या वर्षाचं काहीही एक शिकवा मला. मी विद्यार्थिनी आहे आणि जरा मंद आहे असं समजा."

वहिनीने खडू घेतला. राग अजून उतरला नव्हता. सदिशांपासून, म्हणजे व्हेक्टर्सपासून, सुरुवात केली. बाई खरंच मंद विद्यार्थिनीसारखे प्रश्न विचारत होत्या, आणि मधूनच एखादा असा खोचक, की वहिनीला लिहिलेलं पुसावं लागायचं. दोन ठिकाणी चुकली. एके ठिकाणी तर स्पष्ट म्हणाली, "हे मला येत नाही. हे शिकवायच्या आधीच आमची बदली झाली."

बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांचं हसणं मात्र वहिनीला टोचलं नाही.

"दुसरं वर्ष तुमचं तुकड्यातुकड्यांनी झालंय. एका गावात वरचा तुकडा, दुसऱ्या गावात खालचा. मधली भोकं बुजवायला हवीत. एक रस्ता आहे. विभाग स्वतः परीक्षा घेऊ शकतो, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मिळून. पास झालात तर दोन्ही वर्षांची क्रेडिट देऊन सरळ तिसऱ्यात बसवते. खिडकीवाल्याला विचारायचं कारण नाही."

वहिनीने खुर्ची ओढली. न सांगता बसली.

"पण अट ऐका," बाई म्हणाल्या. "तिसरं वर्ष इथेच, या इमारतीत, वर्गात बसून पुरं करायचं. मध्ये सोडलंत तर ही परीक्षाही रद्द. ही क्रेडिट आमच्या घरची आहेत, बाहेर कुठेही चालत नाहीत. मग पुन्हा काय ते तुम्हाला माहीतच आहे."

"नाही सोडणार."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळ्यांतली नाही हो, बाई. सगळ्यांनी एकदा केलं ते मी तीनदा केलंय."

पुढचे महिने वहिनीने घरात कुणाचं ऐकलं नाही. लेक, बिट्टी, नववीत होती. ती आईला प्रश्नपत्रिका लावून द्यायची आणि मास्तरणीसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "आई, वेळ संपली. पेन खाली." साहेब जेवताना म्हणायचे, "काय, यंदा तरी पुढच्या इयत्तेत का?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचे. बिट्टी म्हणायची, "बाबा, तुझा विनोदही तिसऱ्यांदा होतोय." वहिनी ताटाकडे बघत राहायची, कारण डोक्यात गणित चालू असायचं.

परीक्षा झाली. पास झाली. बाईंनी निकाल हातात दिला आणि म्हणाल्या, "भोकं बऱ्यापैकी बुजलीत. सोमवारपासून या." वहिनी विद्यापीठाच्या जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांच्या पायांत बसली आणि रडली. एका मुलीने विचारलं, "काकू, नापास झालात का?" वहिनी म्हणाली, "नाही गं बाई. पुढे गेले."

तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले. ती पहिल्या बाकावर बसायची. सगळं नवीन होतं, आणि अवघड होतं, कधीकधी काही म्हणजे काही कळायचं नाही, आणि त्या न कळण्याचंही तिला कौतुक होतं. इतक्या वर्षांत कुणी तिला न कळणारं काही शिकवलंच नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी साहेब बूट काढता काढता म्हणाले, "बदली झाली."

"कधी?"

"महिनाअखेर निघायचं. वरून आलंय. आपल्या हातात काय आहे?"

दर वेळी हेच वाक्य. वरून आलंय. वहिनीला वाटायचं, हे वर म्हणजे कोण, एकदा समोर तरी येऊ दे. तिने साहेबांना समजावलं. अहो, एकच वर्ष. आठवडाभर चिडली नाही, हात जोडले म्हणा ना. वरच्यांशी बोलून बघा, पुलाचं अजून काम बाकी आहे, तुम्हीच म्हणत होता वर्ष जाईल म्हणून. साहेब मान हलवायचे. "अगं, मी बोललो नसेन का? ऐकत नाहीत."

ती बिचारी स्वतः जाऊन वरच्यांना भेटायच्या विचारात होती. साडीसुद्धा काढून ठेवली होती. तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधली, ज्युनियर इंजिनिअरची बायको साखर मागायला आली.

"वहिनी, अभिनंदन हं! साहेबांना हवी होती ती नदी मिळाली एकदाची."

"हवी होती म्हणजे?"

"म्हणजे, त्यांनीच मागितली ना? आमचे हे म्हणत होते, साहेबांचं ते नेहमीचंच आहे. पाया घालायला, खांब उभे करायला साहेब. स्लॅब टाकून झाला की साहेब नवीन पूल मागून घेतात. रेलिंग, रंग, दिवे, ती सगळी किरकिर मागे आमच्या ह्यांच्या गळ्यात." तिने वहिनीचा चेहरा बघितला आणि वाटी छातीशी धरली. "तुम्हाला... तुम्हाला माहीत नव्हतं?"

"साखर घे," वहिनी म्हणाली. "आणि जा आता."

साहेब आले तेव्हा ती बाहेरच्या खोलीत उभी होती. बिट्टी टेबलाशी अभ्यासाला बसली होती, तिला वहिनीने उठवलं नाही. ऐकू दे म्हणाली मनात, पोरीलाही ऐकू दे.

"बदली तुम्ही मागितली?"

साहेबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं हे नका विचारू. मागितली का?"

"अगं, हे बघ, नवीन पुलावर पायापासून असलं की नाव लागतं माणसाचं. इथे आता काय राहिलंय? रेलिंगला रंग लावायला मी थांबू? ती ज्युनियर लोकांची कामं."

"आणि मागची? त्याच्या मागची?"

साहेब खाली ठेवलेल्या पिशवीचे बंद नीट करायला लागले. बिट्टीने पेन खाली ठेवलं.

"सगळ्या मागितल्यात तुम्ही," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता अजून. "दर वेळी वरून आलं म्हणालात. मी त्या वरच्यांना शिव्या घातल्या हो! इतकी वर्षं मी नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांना शिव्या घातल्या. विद्यापीठांना घातल्या. खिडकीवरच्या त्या कारकुनाचं तळपट होवो म्हणाले. आणि वर कुणी नव्हतंच. तुम्हीच होता. इथे, याच घरात, माझ्याच हातचं जेवत."

"मी सगळं तुमच्यासाठीच..."

"खबरदार!" आता मात्र आवाज चढला. शेजारच्या क्वार्टरमधला टीव्ही बंद झाला. "आमचं नाव मध्ये आणायचं नाही. तुम्हाला सुरुवात आवडते. पाया घालायचा, फोटो काढायचे, आणि शेवटची किरकिर दुसऱ्याच्या गळ्यात टाकून पळायचं. पळा की! तुमचा पूल मागे ज्युनियर तरी पुरा करतो. माझं कोण पुरं करणार होतं?"

साहेब खुर्चीत बसले. बराच वेळ रुमालाने मान पुसत राहिले. मग समजूत घालायच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसे म्हणाले, "चुकलं असेल माझं. पण मी तुझा विचार केलाच नाही असं नाही. तिथे चौकशी केलीये मी. गावात चांगलं विद्यापीठ आहे. गणितही आहे. पहिल्या वर्षाचे प्रवेश अजून चालू आहेत."

हे ऐकून बिट्टीचेच डोळे पांढरे झाले. वहिनी मात्र एकदम शांत झाली. इतकी शांत की साहेबांना वाटलं, झालं, निवळलं.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"बरं बरं."

"मी वर्ष पुरं करणार आहे. मी येणार नाही, ऐकलंत ना?"

"ऐकलं गं. आता जेवायला वाढ."

तिने वाढलं. ते जेवले. राग आला की बायका असं म्हणतातच, अशी साहेबांची पक्की समजूत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली तेव्हा ते फोनवर होते. शनिवारी म्हणाली तेव्हा ते हसून म्हणाले, "बिट्टी, तुझ्या आईचा पारा अजून उतरला नाही वाटतं." बिट्टी म्हणाली, "मीही येत नाहीये, बाबा." तेव्हाही हसले. दोघींना एकदमच राग आलाय, म्हणाले. चांगलं स्पष्ट मराठीत सांगितलेलं या माणसाच्या कानात शिरतच नव्हतं. तिने तरी किती वेळा सांगायचं?

घराची बांधाबांध करायचं काम कायम वहिनीचं. साहेबांनी आयुष्यात एका खोक्याला सुतळी बांधली नव्हती. कुठल्या ट्रंकेत काय, हे त्यांना नव्या गावात पोहोचल्यावरसुद्धा ओरडून विचारावं लागायचं. या वेळीही खोकी भरली जात होती, भांडी कागदात गुंडाळली जात होती, ट्रंकांवर रंगाने खुणा होत होत्या. साहेब त्यांच्यामधून वाट काढत ऑफिसला जात होते, येत होते. आवरतंय, एवढं त्यांना दिसत होतं. काय कुठे जातंय, ते त्यांनी पाहिलं नाही. कधीच पाहिलं नव्हतं, आत्ताच कुठून बघणार?

निघायच्या दिवशी सकाळी कंपनीचा ट्रक आला. हमालांनी भराभर माल चढवला. साहेब अंगणात उभे राहून निरोप घेत होते, ज्युनियर इंजिनिअर पिशवी धरून शेजारी. इतक्यात हमालांचा मुकादम हात झटकत आला.

"साहेब, झालं. बांधू का दोर?"

"झालं कसं? एवढंच?"

साहेबांनी ट्रकमध्ये डोकावलं. अर्धा ट्रक मोकळा. त्यांचं टेबल, त्यांची खुर्ची, त्यांचे कपडे, नकाशांच्या नळ्या, एक पलंग, एक गादी, एका माणसाला पुरतील एवढी भांडी, शेगडी. सगळं व्यवस्थित बांधलेलं, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते ठळक लिहिलेलं. त्यांना ओरडून विचारायला लागू नये म्हणून.

ते घरात आले. मधल्या खोलीत उरलेली खोकी भिंतीशी नीट रचलेली होती. बिट्टी दप्तर लावून तयार होती. वहिनीच्या खांद्यावर पिशवी होती.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"आमचं सामान. दुपारी टेम्पो येईल. बाजारातल्या एका कुलूपवाल्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्यात, शिकवण्या घेऊन भागेल. क्वार्टरची किल्ली तुमच्या ज्युनियरकडे देईन."

"तू... तू खरंच?"

"मी सांगत होते."

साहेबांनी बिट्टीकडे पाहिलं. बिट्टीने बाबाचा हात धरला, एकदा घट्ट दाबला, आणि सोडला. बाहेर ज्युनियर इंजिनिअर, त्याची बायको, मुकादम, सगळे दाराकडे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. साहेबांचा चेहरा पडला. माणूस दुष्ट नव्हता हो. फक्त आपल्या मागे कोणी नाही असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि तेही लोकांसमोर.

"मी एकटा काय करू तिथे?" ते हळूच म्हणाले. त्या आवाजाने वहिनीला वाईट वाटलं. वाटणारच. पण तिने पिशवीचा पट्टा सोडला नाही.

"वर्षभर थांबा म्हणून मी पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. तेव्हा तुम्ही थांबला नाहीत."

"आणि वर्षानंतर? मग येशील ना?"

"मी का येऊ?" वहिनी म्हणाली. "तुम्ही या. मागा की बदली इकडची. मागितली की मिळते तुम्हाला."